परतून आलेला आवाज

आधी खरखर ऐकू येते. त्या खरखरीखालून एक गिटार हळूहळू वर येते. खर्जाची तार ठेक्यासारखी पडत राहते आणि वरच्या तारेवर काचेची नळी सरकते. सूर खालून उचलला जातो, ठरलेल्या जागेच्या जरा अलीकडे थांबतो, थरथरतो, मग पुढे जातो. त्यानंतर माणूस गाऊ लागतो. आवाज भरदार आहे, खोल आहे आणि त्याला कसलीही घाई नाही. ओळ संपायच्या आतच तो तिचा शेवट गिटारच्या हवाली करतो आणि उरलेलं तार बोलते.

गाण्याचं नाव ‘कंट्री ब्लूज’. ऑगस्ट १९४१मध्ये, मिसिसिपी राज्यातल्या क्लार्क्सडेल गावाजवळच्या स्टोव्हॉल मळ्यावर ते मुद्रित झालं. गाणाऱ्याचं नाव मॅकिन्ली मॉर्गनफिल्ड, वय तिशीच्या आत, काम ट्रॅक्टर चालवण्याचं. लहानपणी चिखलपाण्यात खेळायचा म्हणून आजीनं त्याला ‘मडी’ म्हटलं होतं. पुढे जगानं त्याला मडी वॉटर्स या नावानं ओळखलं. शिकागोचा विजेवर वाजणारा ब्लूज त्याच्या नावाशी कायमचा जोडला गेला आणि इंग्लंडमधल्या काही पोरांनी त्याच्या १९५०च्या एका गाण्यावरून आपल्या बँडचं नाव ‘रोलिंग स्टोन्स’ ठेवलं. हे सगळं त्या दुपारी अजून घडायचं होतं.

बहुतेक रसिक मडीपाशी उलट्या वाटेनं पोचतात, मीही तसाच पोचलो. आधी शिकागोतला दणदणीत वाद्यवृंद, हार्मोनिका, ड्रम, अ‍ॅम्प्लिफायरमधून गुरगुरणारी गिटार. मग मागे मागे जात एके दिवशी स्टोव्हॉलच्या या तबकड्या. त्या पहिल्यांदा ऐकल्या तेव्हा वाटलं, मूळ सापडलं, नदीचा उगम सापडला. पुढे त्या पुन्हा पुन्हा ऐकल्या, त्यांच्याभोवतीची हकिकत वाचली आणि हळूहळू त्यांत उगमापेक्षा फार मोठी गोष्ट ऐकू येऊ लागली. एका माणसाला स्वतःचा आवाज पहिल्यांदा भेटतो आहे आणि त्या भेटीनं त्याचं आयुष्य वळण घेतं आहे. सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणांवर माझा जीव जडला तो यामुळे.

मिसिसिपी आणि याझू या नद्यांमधला तो सपाट, काळ्या मातीचा प्रदेश. तिथले लोक त्याला डेल्टाच म्हणतात. नजर पोचेल तिथवर कापूस. जमीन गोऱ्या मालकाची, राबणारे हात काळ्या कुळांचे. बियाणं, अवजारं, किराणा सगळं मळ्याच्या दुकानातून उधारीवर यायचं आणि हंगामाअखेर हिशेब मालकाच्या वहीत व्हायचा. तो बहुतेकदा कुळाच्या अंगावरच यायचा. मडीची आई तो अगदी लहान असताना गेली. आजी डेला ग्रँटनं त्याला स्टोव्हॉलवर वाढवलं. हार्मोनिका आधी आली, गिटार सतराव्या वर्षाच्या सुमारास. घरात उरलेला शेवटचा घोडा विकून पंधरा डॉलर आले, निम्मे आजीच्या हाती ठेवले आणि उरलेल्यांतल्या अडीच डॉलरांत स्टेला कंपनीची गिटार घेतली, असं मडी सांगत असे. अशा गिटारी शिकागोच्या सिअर्स रोबक कंपनीच्या कॅटलॉगमधून टपालानं मागवल्या जात. म्हणजे शिकागो त्याच्या हातात आधी लाकूड आणि तार होऊन आलं.

दिवसा ट्रॅक्टर आणि शनिवारी रात्री स्वतःच्याच घरात नाचगाणं. सायप्रसच्या फळ्यांचं ते घर. तिथे लोक जमत, मडी गाई, वाजवी आणि चोरून गाळलेली व्हिस्कीही विकी. म्हणूनच १९४१च्या त्या दिवशी कोणी गोरा माणूस आपली चौकशी करत आलाय म्हटल्यावर त्याच्या मनात पहिली शंका आली ती दारूच्या धंद्यावर छापा घालणाऱ्या सरकारी माणसाची.

आलेला माणूस वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचा होता. अ‍ॅलन लोमॅक्स, मडीच्याच वयाचा. रॉबर्ट जॉन्सनच्या वळणाचं गाणारं इथे कोणी आहे का, अशी विचारपूस करत तो फिरत होता. जॉन्सन १९३६ आणि १९३७ साली टेक्सासात थोडीशी गाणी मुद्रित करून १९३८मध्ये अकाली गेला होता. लोमॅक्सनं प्यायला पाणी मागितलं आणि मडी प्यायला त्याच भांड्यातून तोही प्यायला. मडीनं ही गोष्ट पुढे आवर्जून सांगितली आहे. त्या काळच्या मिसिसिपीत गोरा माणूस असं करत नसे. पुढचं सगळं गाणं त्या पाण्याच्या घोटावर उभं आहे असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल. पण ज्या माणसाला आयुष्यभर मागच्या दारानं जायला लावलं गेलं त्याला समोर बसून मोकळ्या गळ्यानं गायला सांगायचं, तर आधी काहीतरी विरघळावं लागतं, हेही खरंच.

लोमॅक्सच्या शेजारी आणखी एक माणूस होता आणि त्याचं नाव बराच काळ मागे पडलं. नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठातला जॉन वर्क. स्वतः काळा, संगीताचा अभ्यासक, रचनाकार. १९४०मध्ये नॅचेझ गावातल्या नृत्यगृहाला आग लागून दोनशेहून अधिक काळी माणसं मेली. अशा दुःखातून लोकांची गाणी कशी जन्मतात हे अभ्यासायला हवं, अशी कल्पना वर्कनं मांडली आणि तिच्यातूनच पुढे फिस्क आणि लायब्ररी ऑफ काँग्रेस यांची ही एकत्र पाहणी उभी राहिली. त्यानं गाणी स्वरलिपीत उतरवली, टिपणं लिहिली. त्याचं आणि त्याच्या सहकाऱ्यांचं हस्तलिखित गहाळ झालं आणि पुस्तकरूपानं ते २००५ साली लोकांसमोर आलं, वर्कच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी. स्टोव्हॉलच्या तबकड्या ऐकताना मी मनातल्या मनात त्याला नमस्कार करतो. आवाज टिपणाऱ्यांच्या जगातही कोणाचा आवाज टिकतो आणि कोणाचा हरवतो हे पुष्कळदा कातडीच्या रंगानं ठरत होतं.

यंत्र मडीच्या घरी आलं. वीज गाडीतल्या बॅटऱ्यांची. त्या काळच्या अशा यंत्रात गाणं थेट तबकडीवर कोरलं जाई. फिरत्या तबकडीच्या मऊ थरात सुई खाचा पाडत जाई, निघालेला भुसा बाजूला सारत राहावं लागे. गाणारा चुकला तर खोडरबर नाही. तबकडी भरत आली की गाणं आवरायचं.

आणि मग सुई परत सुरुवातीला ठेवून तेच गाणं गाणाऱ्याला ऐकवता यायचं.

आपला मुद्रित आवाज पहिल्यांदा ऐकला की बहुतेकांना तो परका वाटतो, बारीक, पोकळ, थोडा लाजिरवाणा. त्याचं कारण शरीरात आहे. बोलताना आपण स्वतःला हवेतून ऐकतो तसंच कवटीच्या हाडांतूनही ऐकतो आणि हाडांतून येणारा आवाज खालच्या पट्टीत भरदार असतो. यंत्र फक्त हवेतला आवाज देतं, म्हणून आपला आपल्यालाच तो तोकडा वाटतो. मडीच्या बाबतीत उलटं झालं. त्यानं पुढे मुलाखतींत सांगितलं की यंत्रातून आलेला आवाज त्याला तबकड्यांवरच्या इतर गायकांसारखा वाटला, विकत घेऊन ऐकाव्या अशा तबकडीवरच्या गायकासारखा. तो आपलाच आहे हे कळल्यावर त्या शनिवारच्या दुपारी जे वाटलं ते त्याला अखेरपर्यंत विसरता आलं नाही. गाता येतं हे त्याला ठाऊक होतंच, शनिवारची गर्दी तशी पावती देतच होती. पण घामानं भिजलेल्या, प्यालेल्या, नाचणाऱ्या माणसांची पावती वेगळी आणि शांतपणे समोर बसून आपणच आपल्याला ऐकणं वेगळं. त्या क्षणी तो गाणाराही होता आणि श्रोताही. श्रोत्यानं गाणाऱ्याला पसंत केलं.

आता त्या काचेच्या नळीकडे वळू. ती करंगळीत घालायची. मुळात ती बाटलीची तुटलेली मान. काही जण चाकूही वापरत. १९०३च्या सुमारास डेल्टातल्याच टटवायलरच्या रेल्वे स्थानकावर एका फाटक्या कपड्यांतल्या माणसाला गिटारच्या तारांवर चाकू दाबून वाजवताना ऐकल्याचं संगीतकार डब्ल्यू. सी. हँडीनं आपल्या आत्मचरित्रात नोंदवलं आहे. गिटारच्या मानेवर धातूचे पडदे ठोकलेले असतात आणि प्रत्येक पडद्याचा सूर ठरलेला असतो. काचेची नळी त्या पडद्यांना जुमानत नाही. तारेला ती नुसती टेकते आणि एका सुरातून दुसऱ्या सुरात जाताना मधली सगळी वाट ऐकवत जाते.

मराठी कानाला हे समजावून सांगावं लागत नाही. मींड म्हणजे काय हे आपण बीनेवर, सतारीवर, गळ्यावर ऐकत आलो आहोत. मडीची गिटार ज्या पद्धतीनं लावलेली असे तिच्या सहा तारा आपल्या भाषेत मांडल्या तर प, सा, प, सा, ग, प अशा येतात. म्हणजे षड्ज-पंचमाची भरणी आणि तिच्यात एक शुद्ध गंधार. तारा मोकळ्या छेडल्या तरी भोवती सूर भरून राहतो. खालच्या तारा तानपुऱ्यासारख्या बोलत असतात आणि वर नळी गंधाराला शोधत फिरते. पण तिला हवा असलेला गंधार कोमलही नाही आणि शुद्धही नाही. तो दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहे, दर वेळी केसभर इकडेतिकडे. मडी त्या जागेवर पोचतो, तिथे नळी थरथरवत ठेवतो आणि मग गळ्यानं तीच जागा घेतो. पियानोच्या पट्ट्यांवर हा सूर नाही, कारण तो दोन पट्ट्यांच्या फटीत राहतो. ज्या माणसांना घर, जमीन, मत, शाळा यांतलं काहीच धड दिलं गेलं नाही त्यांनी आपला सूर अशा फटीत जपून ठेवला होता.

‘कंट्री ब्लूज’ संपल्यावर लोमॅक्स त्याला प्रश्न विचारतो आणि तो संवादही त्याच तबकडीवर कोरला गेला आहे. हे गाणं कधी केलंस? मडी सांगतो, १९३८ साली. गाडीच्या चाकाचं पंक्चर काढत होतो, एका मुलीनं वाईट वागवलं होतं, मनात आलं आणि गाऊ लागलो. आणखी विचारल्यावर पुढचे दरवाजे उघडतात. याच चालीवर रॉबर्ट जॉन्सनची ‘वॉकिंग ब्लूज’ नावाची तबकडी आली होती, पण चाल मला तबकडीच्या आधीपासून येत होती. ती मी सन हाउसकडून शिकलो.

सन हाउस हा डेल्टातलाच थोर गायक, मडीपेक्षा वयानं मोठा. त्यानं १९३०मध्ये पॅरामाउंट कंपनीसाठी ‘माय ब्लॅक मामा’ मुद्रित केलं. त्या गाण्यातूनच जॉन्सनचं गाणं निघालं आणि त्यातूनच मडीचं. त्याच मोहिमेत लोमॅक्सनं लेक कॉर्मोरंट इथल्या एका दुकानात सन हाउसचंही गाणं मुद्रित केलं. दुकान रुळांना लागून होतं, म्हणून गाता गाता आगगाडी जाते आणि तिची धडधड तबकडीत शिरून बसली आहे.

एकाच संवादात मडी गाण्याचे तीन उगम देतो. पंक्चर आणि प्रेमभंग हा एक, गुरूचा गळा हा दुसरा आणि बाजारातली तबकडी हा तिसरा. तिन्ही खरे आहेत. बंदिश परंपरेतून मिळालेली असते आणि ती आज आपल्याच जिवाला लागलेली असते, हे आपल्याकडच्या कुठल्याही गवयाला सहज पटेल. चाल उसनी आणली म्हणून दुःख उसनं होत नाही.

म्हणून या तबकड्यांना कोणी निर्मळ, अस्पर्श लोकसंगीताचा नमुना म्हणू लागलं की मला ते पटत नाही. लोमॅक्सच्या मनात बहुधा असंच काही होतं, पण त्याच पाहणीतल्या नोंदी वेगळं सांगतात. क्लार्क्सडेलच्या दारूच्या दुकानांतल्या ज्यूकबॉक्समध्ये कोणत्या तबकड्या आहेत हे संशोधकांनी लिहून घेतलं. त्यात काउंट बेसी होता, लुई जॉर्डन होता, शहरातले चकचकीत वाद्यवृंद होते. मडीच्या गाण्यांच्या यादीत काउबॉय गायक जीन ऑट्रीची गाणी होती, ‘चॅटनूगा चू चू’ होतं, नाचायला येणाऱ्यांना हवं ते सगळं होतं. मळ्याच्या मालकाच्या चाऱ्याच्या पिकावरचंही एक गाणं होतं. सन सिम्स नावाचा व्हायोलिनवादक त्याच्या जोडीला होता आणि तो १९२९मध्ये चार्ली पॅटन या महान गायकाबरोबर मुद्रणं करून आलेला होता. डेल्टाच्या त्या खोपटात जगभरचे आवाज आधीच पोचले होते. मडी त्यांतून निवडत होता. जे निवडलं त्यातून तो स्वतःला घडवत होता.

पुढचे काही महिने काहीच घडलं नाही. कापूस वेचला गेला, हिवाळा आला. मग टपालानं दोन तबकड्या आणि वीस डॉलरचा धनादेश आला. मळ्यावर त्याला तासाला साडेबावीस सेंट मिळत, हे पुढे त्यानंच सांगितलं आहे. त्या दरानं ही सुमारे नव्वद तासांची मजुरी झाली. पण त्याच्या आठवणींत पैशांपेक्षा तबकडी मोठी आहे. ती घेऊन तो कोपऱ्यावरच्या दुकानात गेला, ज्यूकबॉक्समध्ये घातली आणि वाजवत राहिला, पुन्हा पुन्हा. मला हे जमतं, मला हे जमतं, असं स्वतःशी म्हणत राहिला. त्यानं फोटोही काढून घेतला, सूट घालून, हातात ती तबकडी धरून. मी तो फोटो किती वेळ बघत बसतो. त्यातल्या माणसाच्या चेहऱ्यावर हसू नाही. पदवीचं भेंडोळं घेऊन उभ्या राहिलेल्या घरातल्या पहिल्या पदवीधरासारखा तो उभा आहे, सरळ, गंभीर, आपण काय मिळवलं आहे हे पुरतं जाणून.

ज्यूकबॉक्समध्ये बेसी आणि जॉर्डनच्या शेजारी मॉर्गनफिल्ड वाजला. बाहेरून येणाऱ्या आवाजांच्या रांगेत त्याचा स्वतःचा आवाज, त्याच पेटीतून, त्याच सुईखालून आला. शिकागो किंवा न्यूयॉर्क इथून कितीही दूर असलं तरी तबकडीच्या खाचेत सगळ्यांना सारखीच जागा असते, हे त्याला त्या दुकानात उभं राहून कळलं असावं.

१९४२च्या उन्हाळ्यात लोमॅक्स पुन्हा आला, आणखी गाणी मुद्रित झाली. १९४३मध्ये मडीनं मुकादमाकडे तासाला पंचवीस सेंट मागितले. अडीच सेंटांची वाढ. मुकादमानं ती झिडकारली. त्या मे महिन्यात तो क्लार्क्सडेलहून इलिनॉय सेंट्रलच्या गाडीत बसला आणि शिकागोला गेला. १९१० ते १९७० या काळात साठ लाखांच्या आसपास काळी माणसं दक्षिण सोडून उत्तरेकडे आणि पश्चिमेकडे गेली, त्यांतला तो एक. मागे राहिलेला मळाही तसा राहणार नव्हता. १९४४मध्ये क्लार्क्सडेलजवळच्याच हॉपसन मळ्यावर कापूस वेचणारी यंत्रं लोकांसमोर चालवून दाखवण्यात आली. यंत्रानं गाणं टिपून ठेवलं आणि काही वर्षांतच दुसऱ्या यंत्रानं ज्या हातांनी ते गाणं जन्माला घातलं त्यांचं काम काढून घेतलं. मडी त्याआधीच निघाला होता.

शिकागोत कागदाच्या कारखान्यात काम, मग ट्रकवर. रात्री घरगुती पार्ट्या, बार. तिथल्या गोंगाटात लाकडी गिटार बुडून जायची, म्हणून विजेची गिटार हातात आली. करंगळीतली नळी मात्र सुटली नाही. १९४६मध्ये त्याच्या आवाजातली पहिली व्यापारी तबकडी निघाली आणि तिच्यावर नाव छापलं गेलं दुसऱ्याच गायकाचं. त्याच वर्षी कोलंबियासाठी मुद्रित केलेली गाणी कंपनीनं बाहेरच काढली नाहीत. ज्या माणसानं आपला आवाज ऐकून सगळा जन्म पणाला लावला त्याच्या आवाजाला शहरात अजून नाव नव्हतं.

एप्रिल १९४८मध्ये अ‍ॅरिस्टोक्रॅट या छोट्या कंपनीच्या स्टुडिओत तो बसला. सोबतीला बिग क्रॉफर्डचा डबल बास, बाकी कोणी नाही. कंपनीतल्या लिओनार्ड चेसला हा माणूस काय गातोय तेच कळेना. आणि मडीनं निवडली कोणती गाणी? स्टोव्हॉलच्या घरात गायलेलीच दोन. ‘आय बीज ट्रबल्ड’ आता ‘आय कांट बी सॅटिस्फाइड’ झालं. ‘कंट्री ब्लूज’चं झालं ‘आय फील लाइक गोइंग होम’.

ही दोन मुद्रणं एकापाठोपाठ ऐकणं हा माझ्या ऐकण्यातला सर्वांत मोठा आनंद आहे. १९४१च्या गाण्यात गिटार जवळ आहे, तारेला घासणारी नळी ऐकू येते, खोलीची हवा ऐकू येते. मधे मधे लय किंचित पुढे धावते, मग तो तिला आवरून घेतो. १९४८मध्ये तीच नळी विजेत न्हाऊन निघाली आहे. सुराला धार आली आहे, तो लांबतो, गिरकी घेतो, हवेत टिकतो. बासचा ठोका खालून ढकलत राहतो. आवाज तोच, पण त्यात आता अधिकार आहे. स्टोव्हॉलच्या माणसाला पाहुणा विचारत होता म्हणून तो गात होता. शिकागोच्या माणसाला कोणी काही विचारलेलं नाही, तो स्वतःच सांगतो आहे.

आणि घरी जावंसं वाटण्याचं ते गाणं. घरातच राहणाऱ्या माणसानं त्याची चाल गायली तेव्हा तिच्यात एका मुलीचं दुःख होतं. घर सोडून पाच वर्षं झालेल्या माणसानं तीच चाल गायली तेव्हा तिच्यात सबंध डेल्टा आली. ऐकणारेही तेच होते, दक्षिण सोडून आलेले, कारखान्यांत आणि कत्तलखान्यांत राबणारे, ज्यांना परत जायचं नव्हतं आणि तरी आठवण यायची ते. तबकडी पाहता पाहता संपली. मडी स्वतः मॅक्सवेल स्ट्रीटवरच्या दुकानात आपली तबकडी घ्यायला गेला. छापील किंमत एकोणऐंशी सेंट, पण दुकानदार एक डॉलर दहा सेंट मागत होता आणि माणशी एकच देत होता, असं तो सांगत असे. दुसरी हवी म्हणून त्यानं बायकोला पाठवलं.

त्याच उन्हाळ्यातली आणखी एक आठवण त्यानं सांगितली आहे. गाणं आटोपून पहाटे दोन-तीनला तो घरी जात असे. उकाडा होता म्हणून गाडीचं छप्पर मागे सारलेलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या इमारतींमधून, वरच्या मजल्यांवरून त्याचंच गाणं वाजत असे. एकदा फार वरून कुठूनतरी ते ऐकू आलं आणि तो घाबरला. क्षणभर त्याला वाटलं, आपण मेलोय की काय.

सात वर्षांपूर्वी आपलाच आवाज ऐकून त्याला जगण्याची नवी दिशा दिसली होती आणि आता तोच आवाज आकाशातून आल्यासारखा ऐकून त्याला मृत्यूची भीती वाटली. मला या दोन्ही प्रसंगांचं आतलं नातं जाणवतं. पहिल्यांदा आवाज यंत्रातून परत आला तो त्याच्याकडे. दुसऱ्यांदा तो परत आला तेव्हा कुणा भलत्याच्याच घरात राहत होता. कोणी तरी अंधारात, दमलेल्या अंगानं, आपल्या गावाच्या आठवणीत ती तबकडी लावून बसलं होतं आणि गाण्यानं गाणाऱ्याला मागे ठेवलं होतं. कलावंताला याहून मोठं यश कुठलं, आणि याहून मोठा धक्का तरी कुठला?

मडी ३० एप्रिल १९८३ रोजी गेला. स्टोव्हॉलवरच्या त्याच्या घराचे अवशेष आज क्लार्क्सडेलच्या डेल्टा ब्लूज म्युझियममध्ये जपलेले आहेत. लोक लांबून येऊन त्या फळ्या बघतात. मला मात्र त्या फळ्यांपेक्षा टपालानं आलेल्या त्या दोन तबकड्या महत्त्वाच्या वाटतात. लोमॅक्स त्या पाठवायला विसरला असता, किंवा संग्रहालयात ठेवल्या म्हणजे काम झालं असं त्याला वाटलं असतं, तर वॉशिंग्टनच्या कपाटात डेल्टातल्या एका ट्रॅक्टरचालकाची उत्तम गाणी राहिली असती. अभ्यासकांनी ती वाखाणलीही असती. आणि तो ट्रॅक्टरचालक ज्यूकबॉक्ससमोर कधीच उभा राहिला नसता.

आपल्याकडेही गेल्या काही दशकांत पुष्कळ आवाज टिपले गेले. गी पॉइत्वाँ आणि हेमा राईरकर यांनी सुरू केलेल्या कामातून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. गाणाऱ्या बाईचं नाव, तिचं गाव यांसह त्या आज ‘पारी’ या संकेतस्थळावर वाचता-ऐकता येतात आणि त्या कामातली माणसं पुढे त्याच बायकांच्या दारी पुन्हा गेली. मला या दुसऱ्या खेपेचं मोल फार वाटतं. आज प्रत्येकाच्या खिशात ध्वनिमुद्रण यंत्र आहे. गोंधळी, वासुदेव, शाहीर, लग्नात गाणारी एखादी म्हातारी, कोणाचाही आवाज आपण क्षणात टिपतो आणि पुढे पाठवतो. तो जगभर फिरतो. ज्याचा तो आवाज आहे त्याला मात्र पुष्कळदा तो ऐकायला मिळत नाही.

आवाज टिपला की तो ठेवणाऱ्याचा होतो. परत नेऊन ऐकवला की तो गाणाऱ्याचा होतो आणि मग त्याचं काय करायचं हे गाणारा ठरवतो. कोणी ऐकून खूश होऊन पुन्हा जात्यापाशी बसेल, कोणी गाव सोडून गाडी पकडेल. तो ज्याचा त्याचा निर्णय. मडीनं गाडी पकडली, पण ती पकडण्याआधी त्याच्या हाती त्याचं स्वतःचं गाणं दिलं गेलं होतं. म्हणून माझं एवढंच मागणं आहे. कोणाचं गाणं टिपलंत तर तिथेच थांबून ते त्याला ऐकवा, त्याची प्रत त्याच्या घरी पोचती करा. त्या माणसाच्या आत कोण दडलंय, हे तुमच्याआधी त्याला कळायला हवं.